तुम्ही विचारलंत म्हणून: भारद्वाज बघायला अंदमानला?

मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या वहिनींनी विचारलं, "भारद्वाज बघायला अंदमानला जाता? तो तर आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर रोज येतो." विचारणाऱ्या त्या एकट्या नाहीत. घराजवळ नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य असताना एवढ्या लांब कशाला, असं बँकेतल्या जुन्या मैत्रिणी विचारतात, नात्यातलेही विचारतात. तेव्हा हळदीकुंकवाच्या गडबडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर सांगते.

पहिल्यांदा गेले ती पक्ष्यांसाठी नाही. सावरकरांचं जन्मगाव भगूर आपल्यापासून वीसेक किलोमीटरवर, त्यामुळे नाशिककराच्या मनात अंदमान म्हणजे सावरकरांची कोठडी. ती बघितली, बराच वेळ तिथेच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती, म्हणून रिक्षा करून चिडिया टापूला गेले. दक्षिण अंदमानचं हे अगदी खालचं टोक, पोर्ट ब्लेअर शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. रस्ता संपतो तिथे एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला जंगल. झुडपातून ओळखीचा आवाज आला, खोल, घुमणारा, ऊप-ऊप-ऊप. भारद्वाजच. मी न बघताच सांगून टाकलं असतं. मग तो फांदीवर चढून आला.

पंख आपल्याकडच्या भारद्वाजासारखेच विटकरी, चालही तीच, सावकाश, जड पावलांची. पण डोकं, मान, छाती काळी नव्हती. दुधाचा चहा असतो ना, त्या रंगाची. ओळखीच्या माणसाचा आवाज यावा आणि वळून बघितलं तर चेहरा दुसराच असावा, तसं झालं. अंदमान आणि त्याच्या उत्तरेची कोको बेटं सोडली तर हा भारद्वाज जगात कुठेही नाही. वहिनी, मी जाते ती यासाठी.

बेटांवरून चेन्नईपेक्षा म्यानमार जवळ आहे, पण दोन्हीकडे मधे समुद्र. जे पक्षी कधीकाळी हे पाणी ओलांडून पोचले, ते तिथलेच झाले आणि हजारो पिढ्यांत वेगळे होत गेले. सर्पगरुड आपल्या त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांत घिरट्या घालतो. तिथला अंदमानी सर्पगरुड गर्द चॉकलेटी, अंगभर ठिपके. कोतवाल वेगळा, टकाचोर वेगळा, शामा वेगळा. पन्नास वर्षं पाठ असलेली नावं तिथे पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागतात, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

फोटोंबद्दलही विचारता. पहिल्या खास पक्षी-सहलीत पहाटे पाचला एसी खोलीतून कॅमेरा काढला आणि तसाच जंगलात नेला. तिथली हवा इतकी दमट की लेन्सवर क्षणात दव धरलं. नेमका तेव्हाच अंदमानी सुतार आला. कावळ्याएवढा, काळाभोर, डोक्यावर लाल तुरा. वाळक्या खोडावर चोच मारली की आवाज अख्ख्या उतारावर घुमायचा. लेन्स पुसली की पुन्हा धुकं. वीस मिनिटांनी काच साफ झाली तेव्हा तो गेलेला होता. आता रात्री कॅमेऱ्याची बॅग एसीच्या खोलीत ठेवत नाही, बॅगेत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असतात. जंगलात उजेड फार कमी. नांदूरला उघड्या पाण्यावर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात फोटो निघतो, तिथे शंभराव्या भागावर यावं लागतं आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढवावा लागतो. कोपर झाडाला टेकवायचं, श्वास रोखायचा. फोटो थोडा रवाळ येतो, येऊ द्यावा. संध्याकाळी पाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे तेव्हा चहा होत असतो.

आता नांदूरबद्दल. नांदूरला सोडून मी तिकडे जाते असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं, कारण नांदूर मला खऱ्या अर्थाने समजलं ते सिप्पीघाटला. पोर्ट ब्लेअरजवळ (२०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात) हा भाग आहे. इथे पूर्वी शेतं होती, वस्ती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन जवळपास एक मीटर खचली आणि समुद्राचं पाणी आत आलं ते आलंच. मेलेल्या नारळांचे बोडके बुंधे मी पाण्यात उभे बघितले. त्यांच्यामधून अंदमानी बदकांचा थवा पोहत होता. तपकिरी अंग, डोळ्याभोवती पांढरं कडं. कुणाचं तरी भाताचं खाचर असेल त्या जागेवर. मी कॅमेरा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. ज्यांचं शेत गेलं त्यांच्याबद्दल वाटणारं दुःख आणि त्या बदकांना बघून झालेला आनंद, दोन्ही एकदम मनात होतं आणि त्यात फोटो काढावासा वाटेना.

तिथे उभी असताना आपला नांदूरचा बंधारा आठवला. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर शंभर वर्षांपूर्वी तो बांधला शेतीच्या पाण्यासाठी. पक्षी कुणाच्या मनातही नव्हते. गाळ साचत गेला, उथळ पाणी झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, चमचे असे पाणपक्षी उतरायला लागले. २०२० मध्ये नांदूर जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. मी लहानपणापासून तिथे जात होते, पण गाळ म्हणजे घाण असंच समजत होते. सिप्पीघाटहून आल्यावर खाणगाव थडीच्या मनोऱ्यावरून तासभर नुसता गाळच बघितला.

एक गोष्ट मनाला लागलेली आहे, तीही सांगते. चिडिया टापूला रात्री घुबडं बघायला नेतात. एका वाटाड्याने मोबाईलवर घुबडाची साद वाजवली, पुन्हा पुन्हा, आणि पिंगळ्यासारखं एक लहानसं घुबड अगदी समोरच्या फांदीवर आलं. आपल्या हद्दीत दुसरं घुबड शिरलं असं वाटून ते आलं होतं. सहा-सात विजेऱ्या त्याच्या तोंडावर. बुबुळं बारीक झालेली, मान इकडून तिकडे वळत होती. मी फोटो काढले आणि खोलीवर येऊन पुसून टाकले. त्यानंतर निघण्याआधीच सांगते, साद वाजवायची नाही, उजेड दोन मिनिटं. कधी घुबड दिसत नाही. चालतं.

नारकोंडम मात्र राहिलंय आणि राहणारच. सातेक चौरस किलोमीटरचं ज्वालामुखीचं बेट, त्यावरचा धनेश पक्षी जगात दुसरीकडे नाही, आणि सामान्य माणसाला तिथे उतरता येत नाही. तेच बरं आहे. एवढ्याशा जागेत आपण कशाला पाय ठेवायचा?

हे सगळं मी वहिनींना नंतर एका दुपारी सांगितलं, दोन्ही भारद्वाजांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून. चारच दिवसांनी सकाळी सातला बेल वाजली. दारात वहिनी, हातात दुधाची पिशवी.

"अहो, आपल्या भारद्वाजाचे डोळे लाल असतात का हो? आत्ता भिंतीवर बसलाय."

मी दुर्बीण घेतली आणि तशीच खाली गेले.