'तू'ने घात केला, 'गो'ने वाचवलं: होमटाऊनचे मालवणी सब, चार एपिसोड पुढे आणि चार मागे

मंडळी, मागच्या वेळी छाती फुगवून सांगितलं होतं की होमटाऊन चा-चा-चा या कोरियन सिरीयलला मी घरच्यांसाठी मालवणी सब (सबटायटल) लिहितोय त्याचे चार एपिसोड झाले, आता या स्पीडने दिवाळीपर्यंत सोळाच्या सोळा हातावेगळे. विसरा ते. चारही फाइल परत उघडल्यात आणि हे लिहितोय तेव्हा तिसऱ्याच्या मध्यावर अडकलोय. पण वाईट वाटत नाहीये, कारण जे सापडलंय ते सापडायला मला पाच महिने लागले आणि सापडलं ते बाजारात, माझ्यामुळे नाहीच.

सेटअप तोच आहे. सबस्क्रिप्शन आपलं, लॅपटॉपवर ब्राउझरला एक्स्टेन्शन, त्यात आपली एसआरटी (सबटायटलची साधी फाइल), तिथनं एचडीएमआय टीव्हीला. प्रेक्षक दोन, आई आणि शेजारची काकी. काकी दांडीवरच्या लिलावात मासळी उचलते आणि मालवणच्या बाजारात बसते, त्यामुळे संध्याकाळी सातनंतरच मोकळी. दोघींना इंग्रजी सब झेपत नाहीत, हिंदी डब मी लावू देत नाही (एका सिरीयलचा डब ऐकला होता, नाव नाही घेत, त्यात कोरियन आजीबाई अशा बोलत होत्या की जणू दिल्लीच्या मेट्रोत अनाउन्समेंट चाललीय). म्हणून हा उद्योग.

आणि ही सिरीयल का, तर ते गाव. कोरियन नावातच 'समुद्राकाठचं गाव' असा शब्द आहे. गोंगजिन हे गाव काल्पनिक, कथेत ते गांगवोन प्रांतात, शूटिंग मात्र जास्त करून खाली पोहांगला, बाजार तर पोहांगच्या छंगहाचा खराखुरा बाजार. वाळत घातलेली म्हाकलं (स्क्विड), धक्क्यावर बायकांची बडबड, कोण कोणाकडे किती वाजता गेलं याची अख्ख्या गावाला खबर. सोलची डेंटिस्ट हे-जिन तिथे दवाखाना टाकते आणि हाँग दु-शिक नावाचा सगळ्या कामातला माणूस तिच्या मानगुटीवर बसतो. आमच्या घरात हे सगळं समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या एपिसोडात हे-जिन पैशाअभावी म्हाकलं साफ करायला बसते तो सीन काकीने दोनदा मागे घ्यायला लावला, तिचे हात बघायला. निकाल: "शिकात. पण नखां कापूक व्हयी."

तर प्रॉब्लेम. मी सुरुवातीपासून ठरवलं होतं की सोलवाले प्रमाण मराठी बोलतील आणि गाववाले मालवणी. हे इतकं फिट बसलं की मी स्वतःवरच खूश होतो. गावातली म्हातारी गामरी आजी मालवणीत, बाजारातल्या बायका मालवणीत, दु-शिक मालवणीत, आणि हे-जिन व तिची मैत्रीण मि-सन 'अगं, बघ ना' टाईप पुणेरी. चार एपिसोड होईपर्यंत दाखवायचं नाही असं पण ठरवलेलं. मागच्या शनिवारी लावला पहिला. वीसेक मिनिटं दोघी हसतायत, मी हवेत. मग तो सीन आला जिथे हे-जिन दु-शिकला झापते की ओळख ना पाळख आणि तुम्ही माझ्याशी असं कसं बोलता. मी लिहिलं होतं, "तुम्ही मला अरे-तुरे का करताय?"

आई म्हणाली, "सगळीच तिका तू म्हणतत, मगे ह्या चेडू ह्येच्यावरच कित्याक चिडता?"

संपलं. बरोबर होतं तिचं. माझ्या सबमध्ये अख्खं गाव हे-जिनला तू म्हणत होतं, कारण मालवणीत आम्ही तू म्हणतोच. आईला तू, काकीला तू, शेजारच्या आजोबांना तू, त्यात उद्धटपणा नसतो, उलट एखाद्याला मुद्दाम तुमी म्हटलं तर तो विचारेल काय चुकलं माझं. आणि या सिरीयलची गंमतच अशी की दु-शिक सगळ्यांशी, अगदी म्हाताऱ्या माणसांशीसुद्धा, बानमाल बोलतो, म्हणजे बिनआदराची जवळिकीची बोली, आणि बाकीचं गाव माणूस बघून बोलतं. तो फरकच मी धुऊन टाकला होता. हिरो आणि गाव एकाच पातळीवर आणि हिरॉइन उगाच भडक डोक्याची.

रविवारी दुकान बंद, बसलो दुरुस्त करायला. पहिला उपाय: गाववाले तुमी आणि फक्त दु-शिक तू. करून बघितलं आणि गामरी आजी एकदम ग्रामसेवक वाटायला लागली. दुसरा उपाय: दु-शिकला मालवणीतनं बाहेर काढून रांगडी देशावरची भाषा द्यायची. तो मग साताऱ्याचा पैलवान झाला आणि गावाचा राहिलाच नाही, आणि तो गावचाच आहे हाच तर त्याचा जीव आहे. तिसरा उपाय: वर कंसात टीप, 'येथे अनादरार्थी रूप'. हे मी दहा मिनिटं ठेवलं होतं, कबूल करतो. आई टीप वाचेपर्यंत तीन सबटायटल निघून जातात. मशीन ट्रान्सलेशनचा पर्याय मला सुचवू नका, मी ते करून बसलोय, ते सगळ्यांना 'आपण' म्हणतं आणि हे-जिनला 'मी आलो' म्हणायला लावतं.

म्हणून मी सब बाजूला ठेवून नुसतं ऐकायला लागलो. हेडफोन लावून, चित्र बंद. आपण इंग्रजी सबवाले सारखं 'यू' वाचतो म्हणून आपल्याला वाटतं की कोरियन माणूस सारखा तू-तुम्ही करतोय. तो करतच नाही! सर्वनाम बहुतेक वेळा गायबच असतं, समोरच्याला नावाने किंवा हुद्द्याने हाक मारतात नाहीतर काहीच नाही. सगळा आदर वाक्याच्या शेपटाला. शेवटी 'यो' लागला की सभ्य, 'यो' गळला की बानमाल. हे-जिनच्या वाक्यांना यो, यो, यो, आणि दु-शिकची वाक्यं शेपूट कापलेली. (तुमच्यातले निम्मे म्हणतील हे आम्हाला पहिल्या ड्रामापासून माहितीये. मलाही माहिती होतं. माहिती असणं आणि बाराशे ओळींच्या फाइलमध्ये बसवणं यात फरक आहे.) म्हणजे मी जो 'तू' घेऊन भांडत होतो तो मुळात वाक्यात नव्हताच. शेपटाला काय करायचं हा खरा प्रश्न, आणि मराठीत शेपटाला काय लावणार, 'हो'? 'जी'? तिथेच थांबलो, झोपलो.

मंगळवारी काकी बाजारातनं आली ती फणफणत. कोणीतरी फिरायला आलेला पोरगा, दोन दिवस इथे राहून भाषा शिकला म्हणे, टोपलीसमोर उभा राहून म्हणाला, "काय गो, सुरमई कशी दिलंस?" काकीने त्याला सुरमई दिलीच नाही. मी आपलं सहज म्हटलं, तू म्हणाला म्हणून का? तर म्हणाली, "तू काय, सगळेच म्हणतत. गो म्हटल्यान माका! मी काय त्येची वळखीची?"

मी चहा तसाच ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

गो! तू कोणीही म्हणेल, पण 'गो' म्हणायला नातं लागतं. बहिणीला, बायकोला, वाडीतल्या पोरीला, वयाने मोठी असली तरी घरच्यासारखी असेल तर. परक्या बाईला, त्यातनं डॉक्टरला, नाही. आणि बसतो कुठे तर बरोब्बर वाक्याच्या शेपटाला. कोरियन माणूस शेपूट काढून सलगी दाखवतो आणि मालवणी माणूस शेपूट लावून. उलटं आहे पण जागा तीच! गावातले सगळे हे-जिनला तू म्हणू देत, मालवणी तशीच राहू दे, पण गो नाही, त्यांच्या तोंडी 'डॉक्टरीणबाय'. गो फक्त दु-शिकचा. "ह्या बूट तुजे काय गो?" आणि हे-जिनचं वाक्य आता, "ओळख नाही पाळख नाही, मला गो काय म्हणता?" काल रात्री एवढे तीन सीन काकीला लावून दाखवले. ती उठून उभी राहिली. "बरोबर! तोच तो सुरमईवालो!"

पुढचा फायदा तर मला अजून गुदगुल्या करतोय. पुढे जाऊन हे-जिनपण त्याच्याशी यो सोडते, तेव्हा मी तिच्या तोंडात एक 'रे' टाकणार. प्रमाण मराठीतलं वाक्य आणि शेवटी मालवणी 'रे'. कुठल्या एपिसोडात कुठल्या ओळीला ते ठरवायला मी आता पुढचे सगळे एपिसोड नुसते ऐकून मार्क करतोय, म्हणून काम मागे पडलंय.

टूल्सबद्दल थोडं, कारण दोघातिघांनी विचारलं होतं. मी अजून 'सबटायटल एडिट' या प्रोग्रामवरच आहे, फुकट आहे आणि वेव्हफॉर्म दिसतो. 'एजिसब' हा दुसरा प्रोग्राम सुंदर आहे पण रंगीत कराओके करणाऱ्यांसाठी, मला नको. एक वैताग मात्र आहे, कॅरेक्टर पर सेकंदचा हिशोब (सेकंदाला किती अक्षरं वाचायची, लिमिट ओलांडली की ओळ लाल) देवनागरीला न्याय देत नाही. 'स्त्री' दिसायला एक अक्षर, आतून मोजलं तर सहा. त्यामुळे फाइल लालेलाल होते आणि तुम्हाला वाटतं आपण फार लिहितोय. मी लिमिट वाढवून ठेवली आणि आईच्या चष्म्यावर विश्वास ठेवला. आणि नवीन लोकांनो, सब हळूहळू पुढे सरकत गेले तर एकेक ओळ ढकलत बसू नका, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) बघा. २५ ची फाइल २३.९७६ ला लावली की सत्तर मिनिटांच्या एपिसोडला शेवटी जवळजवळ तीन मिनिटांचा घोळ होतो. मी पहिला महिना यात घालवलाय.

छोटे विजय पण सांगतो. गाव दु-शिकला 'हाँग बानजांग' म्हणतं, त्याला मी आधी 'सरपंच हाँग' केलं होतं, आईने विचारलं निवडून कधी इलो. आता 'हाँग मुकादम'. बानजांगचा एक अर्थ मुकादमच आहे, आणि कामाच्या माणसाला शोभतं. दुसरं म्हणजे 'सनबे', शिक्षणात वा कामात आपल्या पुढचा. जी सिओंग-ह्योन हा पीडी (टीव्हीचे कार्यक्रम करणारा) हे-जिनचा कॉलेजचा सनबे. मराठीत 'दादा' केला की सेकंड लीडचं (हिरॉइनवर जीव टाकणाऱ्या दुसऱ्या हिरोचं) तिथेच कन्यादान. सरळ 'सिनियर' ठेवला, आमच्या कॉलेजातपण तेच म्हणतात. (मी अजूनही टीम पीडी आहे. दु-शिकच्या भूतकाळाचं जे ओझं शेवटी शेवटी घाईघाईने आपल्यावर टाकलंय ते मला पटलेलं नाही, बारा एपिसोड पोरगं शिट्ट्या मारत फिरतंय आणि मग सगळं दुःख एका खेपेत. रिप्लाय १९८८ या सिरीयलमध्ये बघा, वीस एपिसोडात लोकांची दुःखं कशी भाजीत मीठ घातल्यासारखी आहेत.)

पुढचा प्लॅन अवर ब्लूज ही कोरियन सिरीयल असा होता. जेजू बेट, हॅन्यो (समुद्रात बुडी मारून शिंपले वगैरे काढणाऱ्या) बायका, ट्रकवर कपडे विकणारा ली ब्युंग-हन, आणि जेजूची बोली एवढी वेगळी की कोरियन प्रेक्षकांनाच खाली प्रमाण कोरियनचे सब द्यावे लागले. हे वाचूनच मला तो हवा होता. पण तिथे 'सामचुन' आडवा येतो. शब्द मामा-काकाचा, पण जेजूत मोठ्या वयाच्या कोणालाही, बाईलासुद्धा सामचुनच म्हणतात. आपल्याकडे काका आणि काकी वेगळे केले की गेलं. आता हे लिहिता लिहिता वाटतंय की गोसारखं हेही माझ्या डोक्यातनं निघणार नाही, बाजारातनंच येईल, तर थांबावं. त्यापेक्षा टँजरीन्स ('व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स', २०२५ ची सिरीयल, आयू आणि पार्क बो-गमवाली) आधी घ्यावी का? तिचं कोरियन नाव जेजू बोलीत आहे, अर्थ साधारण 'खूप कष्ट काढलेत हो', आणि तेच प्रमाण कोरियनवाल्याला 'पुरते फसलात' असं ऐकू येतं. काकीला विचारलं मालवणीत असं काही आहे का. ती म्हणाली, "लगीन." नाव म्हणून वापरता येणार नाही, पण लिहून ठेवलंय.

अजून एक वेडेपणा. काकीला वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा लावला की डोकं दुखतं, तर सब वाचण्यापेक्षा कोणी मोठ्याने बोलूनच दाखवलं तर? आमचे एक काका दशावतारात होते, लेखी संहिता नसताना रात्रभर संवाद म्हणणारा माणूस. आवाज म्यूट, हातात माझी प्रिंट, आणि तो दु-शिक आणि गामरी दोघांचं बोलेल. त्यांना विचारलं तर पहिला प्रश्न, "राक्षस कोण असा?" बघू.

तर हिशोब असा: एक आणि दोन नव्या गोसकट पूर्ण, तीन अर्धा, चार बाकी. तिसऱ्यात गामरी आजीच्या दाताचं प्रकरण आहे, ती खर्चाला घाबरून इम्प्लांट नको म्हणते, आणि त्या ओळी मला घाईत करायच्या नाहीत. गामरी करणाऱ्या किम यंग-ओकचा जन्म १९३७ चा आहे, आणि म्हाकूल चावताना तिचं तोंड बघा फक्त.

ज्यांनी सिरीयल पाहिली नाही त्यांनी इथे थांबा, पुढे स्पॉयलर आहे. पंधराव्याची फाइल मी अजून उघडलेली नाही. काकीला गामरी इतकी आवडलीय की रोज बाजारातनं आली की आधी तिची चौकशी. काल तिने सरळच विचारलं, "म्हातारी शेवटाक असा मा रे?"

मी म्हटलं फॉन्ट बदलतोय, थांब जरा.