फरशीखालचा शिपाई

त्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला चार नंबरच्या मशीनवरच्या मुलाने हेडफोन काढला आणि वाकून खुर्चीखाली पाहिलं. कोणी बघत तर नाही ना, याचा अंदाज घेतला आणि हेडफोन परत चढवला. मी काचेच्या पलीकडे बसून बघतच होते. वहीत लिहिलं, '१०:५२, मशीन ४, खुर्चीखाली पाहिलं'. पुढे कारणाचा रकाना असतो. तो रिकामा सोडला.

मी पुण्यात एका गेम स्टुडिओत टेस्टर आहे. दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात, असं नातेवाइकांना वाटतं. मिळतात, पण एकच दार चारशे वेळा उघडण्याचे. ज्या गेमची ही गोष्ट, त्याचं नाव करारामुळे सांगता येत नाही. मूळ स्टुडिओ परदेशातला, त्यातल्या तीन लेव्हल्स, म्हणजे खेळाचे टप्पे, आमच्याकडे. कथेवर चालणारा फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून बघत बंदूक चालवायची. बर्फाळ मुलखातलं बंद पडलेलं जलविद्युत केंद्र, तिथल्या कामगारांचं काय झालं ते शोधत आत आत जायचं, आणि वाटेत शिपायांशी लढायचं.

भांडण एका बोगद्यावरून होतं. आधी पंपघरात सात शिपायांशी चकमक, मग हा लांबलचक बोगदा, मग टर्बाइन हॉल. बोगदा आमच्या आर्ट टीमने केलेला. भिंतीवर चढलेलं बर्फ, अर्धवट जेवणाचे डबे, पानं फाडायचं राहून गेलेलं कॅलेंडर, कामगारांच्या डायऱ्या. आमची आर्ट लीड कोल्हापूरची. तिने त्या भिंतींवर दीड महिना घासला होता आणि खेळाडू दोन मिनिटांच्या आत पळत पार व्हायचे. डायऱ्या सोडाच, डबेसुद्धा कोणाला दिसले नव्हते. दर आठवड्याला आकडे आले की ती म्हणायची, "अहो, भिंतीकडं बघा की जरा!"

न बघण्यामागे कारण होतं. चकमकीत खेळाडूची नजर पडद्याच्या मधोमध, क्रॉसहेअरवर, म्हणजे नेमाच्या खुणेवर, खिळलेली असते. चकमक संपली की संगीत उतरतं, कोपऱ्यात चेकपॉइंटचं, म्हणजे इथवरचा खेळ जपून ठेवल्याचं, चिन्ह फिरतं, आणि खेळाडूला कळतं की आता धोका नाही. मग तो गोळ्यांची खोकी तेवढी शोधतो आणि धावत सुटतो. संगीत थांबणं म्हणजे शाळेची घंटा. घंटा झाल्यावर फळ्याकडे कोण बघतं?

चकमकी आखणारा कॉम्बॅट डिझायनर त्या आठवड्यात परदेशातून आला होता. त्याचं म्हणणं, बोगद्यात आणखी सहा शिपाई टाका, खेळ मंदावतोय. आर्ट लीडचं म्हणणं, पंपघरातली चकमकच काढा, म्हणजे वातावरण तयार होईल. ती १९९८च्या 'हाफ-लाइफ' या गेमचा दाखला द्यायची. सुरुवातीला नुसता ट्रामचा प्रवास, हातात काही नाही, आणि तरी लोक खिडकीबाहेर बघत बसतात. तो म्हणायचा, बघतात ते हातात काही नाही म्हणूनच. एकदा बंदूक दिलीस की ती परत घेता येत नाही. यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच मीटिंग संपत नव्हत्या. मला कोणी विचारत नव्हतं. टेस्टरला 'चालतंय की तुटलंय' एवढंच विचारतात.

तर त्या शनिवारी बाहेरची सहा मुलं बोलावली होती, बहुतेक इंजिनिअरिंगची. गेम आधी न पाहिलेली, हीच अट. दोघं नेहमीसारखे बोगद्यातून पळाले. चौघांचं काहीतरी भलतंच चाललं होतं.

ते गुडघ्यांवर बसून सरकत होते. धावण्याचं बटण कोणीच दाबत नव्हतं. खुर्चीखाली बघणारा मुलगा दर वळणाला भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, थांबायचा, आणि थांबला की त्याच्या नजरेसमोर समोरची भिंत यायची. कॅलेंडर. डबे. त्याने पहिली डायरी वाचली, दुसरी वाचली. दोन नंबरच्या मशीनवरच्या मुलीने पायाखालच्या फरशीत तीन गोळ्या घातल्या. मागून आर्ट लीड आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून कुजबुजली, "काय केलंस गं?"

मी काहीच केलं नव्हतं. तीच तर गोम होती.

एका मशीनचा आवाज माझ्या कानात घेतला. संगीत थांबलं नव्हतं. चकमकीचे ढोल नव्हते, पण त्याखालचा एकच लांब, खर्जातला सूर चालू होता. आणि त्या सुराखाली पावलं. दबलेली, जड बुटांची. मुलगा थांबला. पावलं आणखी दोन पडली आणि थांबली. मुलगा चालू लागला, पावलं चालू लागली. मध्येच कोणीतरी गोधडीतून बोलावं तसं एक वाक्य.

आता माझं पाप सांगते. तीन दिवस आधी, बुधवारी रात्री, मी एक बग (गेममधली चूक) नोंदवला होता, 'पंपघरात कधीकधी सातवा शिपाई सापडत नाही, संगीत थांबत नाही'. दहा वेळा खेळले, दोनदाच झालं. कारण न शोधता 'क' दर्जाचं तिकीट, म्हणजे दुरुस्तीची नोंद, टाकलं आणि घरी गेले. 'क' म्हणजे वेळ मिळाला तर बघू. वेळ कधीच मिळत नाही. मग शनिवारी सहापैकी चौघांना तेच कसं झालं?

सत्र संपल्यावर डिबग कॅमेरा घेऊन भिंतींतून आरपार गेले तेव्हा उलगडलं. शत्रू खेळाडूच्या डोळ्यांदेखत हवेतून प्रकटू नये, म्हणून खेळाडू एखाद्या जागेच्या फार जवळ असेल तर गेम त्या शिपायासाठी दुसरी जागा निवडतो. सातव्याची पहिली जागा डाव्या जिन्यापाशी होती. आम्ही टेस्टर बहुतेक वेळा उजवीकडून जायचो, कारण गोळ्यांचं खोकं तिथे आहे आणि चकमक लवकर उरकते. नवा माणूस उजेडाकडे जातो, आणि दिवा डावीकडे होता. चौघं डावीकडे गेले, गेमने सातव्यासाठी दुसरी जागा निवडली, आणि ती निघाली तळघरात. तळघर आमच्या लेव्हलमधून सहा महिन्यांपूर्वीच वगळलेलं. दिसणारं सगळं काढलं होतं, पण चालण्याचा नकाशा, म्हणजे नॅव्हमेश, तसाच राहिला होता आणि जमिनीचं कोलिजनही, म्हणजे पाय टेकू देणारा न दिसणारा थर. एरवी लेव्हलबाहेर पडलेला शिपाई खाली खाली जात आपोआप मरतो. याला उभं राहायला जागा मिळाली.

मी फरशीतून खाली उतरले. रंग न भरलेल्या करड्या पोकळीत तो उभा होता, संपूर्ण गणवेशात. थंडीची यंत्रणा सगळ्यांना लागू, म्हणून त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. मान वर. खेळाडू दिसत नाही पण ऐकू येतोय, म्हणजे अवस्था 'लढाई' नाही, 'निवांत' नाही, मधली 'शोध'. त्या अवस्थेचं संगीत म्हणजे तो खर्जातला सूर, आणि त्या अवस्थेची वाक्यं त्याच्या तोंडी. मध्ये काँक्रीटचा थर, म्हणून आवाजाच्या यंत्रणेने वरच्या पट्ट्या कापून ते सगळं दाबलेलं. प्रत्येक यंत्रणा नेमून दिल्याप्रमाणे चोख काम करत होती. चुकीच्या जागी फक्त तो एकटा होता.

लहानपणी माझ्या काकांनी मला पोफळीचं वीजघर दाखवलं होतं. कोयनेचं ते वीजघर डोंगराच्या पोटात आहे. आत काय काय पाहिलं ते आता नीट आठवत नाही. चपलेच्या तळव्यातून वर येणारी घरघर मात्र आठवते, आणि काकांच्या शर्टाचं टोक मी सोडलं नव्हतं तेही. आर्ट टीमने पोफळीचे फोटो मागितले तेव्हा दिले होते. घरघर सांगायची राहून गेली होती.

जेवणाच्या सुट्टीत फॉर्म वाचले. बोगद्याबद्दल काय वाटलं, या प्रश्नाला पळालेल्या दोघांपैकी एकाने लिहिलं होतं, 'कोणता बोगदा?' फरशीत गोळ्या घालणाऱ्या मुलीचं उत्तर मी उतरवून ठेवलंय, 'बंदूक होती म्हणून आधी धीर होता. मग कळलं की ती इथे कामाची नाही.'

आर्ट लीडला आता आभाळ ठेंगणं झालं होतं. बघा, शत्रू नाही, गोळीबार नाही, नुसतं वातावरण, आणि लोक भिंती बघतायत! तिने साउंडवाल्याला गाठलं. दुपारच्या सत्रासाठी शिपायाला काढायचं आणि बोगद्यात पाच ठिकाणी त्याच्या पावलांचा आवाज लावायचा. साउंडवाल्याने तासाभरात लावला, आणि झकास लावला. शिपायाच्या पावलांपेक्षा ती पावलं जास्त भीतिदायक होती, हे मी शपथेवर सांगेन.

दुपारी पाच मुलं आली. पहिल्या पावलांना पाचही दचकली. दुसऱ्यांनाही. तिसऱ्यांपाशी एक जण थांबला. पावलं थांबली नाहीत. ती ठरलेली आठ पडली आणि मग थांबली. तो चार पावलं मागे गेला, परत पुढे आला. पावलं पुन्हा पहिल्यापासून, तीच आठ. तो हसला. हेडफोन एका कानावरून सरकवून शेजारच्याला म्हणाला, "टेप आहे रे." आणि सुटला. बाकीचे काही एवढे चिकित्सक नव्हते, पण तेही चौथ्या आवाजापर्यंत धावायला लागले होते. कॅलेंडर पुन्हा कोणी पाहिलं नाही.

खोलीत कोणी बोलेना. पावसाने खिडक्या वाजत होत्या. सकाळपासून तोंडाला कुलूप लावून बसलेला कॉम्बॅट डिझायनर तेव्हा म्हणाला, "त्याला परत आणा."

शिपाई वाढवा म्हणून आठवडाभर भांडणारा माणूस आता एकाच शिपायासाठी भांडत होता, आणि तोही कधीच न दिसणाऱ्या. त्याचं म्हणणं, सकाळची पावलं ऐकत होती, दुपारची ऐकत नव्हती. तू थांबलास की तो थांबतो, आणि लगेच नाही, दोन पावलं टाकून. त्या दोन पावलांत काय ते आहे. त्याने २००५च्या 'फिअर' या गेमचं उदाहरण दिलं. तिथले शत्रू एकमेकांशी बोलतात, म्हणून ते आहेत त्याहून हुशार वाटतात, आणि ते बोलतात कारण खेळाडूने खरंच काहीतरी केलेलं असतं. मला 'मेट्रो २०३३' हा गेम आठवला. मॉस्कोच्या विषारी हवेत वावरायचं तर मुखवट्याचा फिल्टर किती वेळ पुरेल, हे मनगटावरच्या घड्याळात बघावं लागतं. ते उद्ध्वस्त शहर चित्र म्हणून सुंदर आहेच, पण माझ्या छातीत धडधड व्हायची ती घड्याळाने. मी हे बोलून दाखवलं. टेस्टरने मीटिंगमध्ये मत देण्याची ती पहिली वेळ असावी. आर्ट लीडने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली, म्हणजे बोल, बोल.

मी आणखी एक बोलले, ते तिला आवडलं नाही. पंपघरातली चकमक काढू नका. त्या चौघांनी सहा शिपाई मारले होते, गोळ्या जेमतेम उरल्या होत्या, आणि एक शिपाई काय करू शकतो हे ते अंगावर घेऊन आले होते. म्हणून सातवा जड झाला. तिने थोडा वेळ टेबलावर पेन आपटलं. मग म्हणाली, "ठीक. पण माझा दिवा डावीकडंच राहणार." त्यावर हरकत घ्यायचं कोणालाच कारण नव्हतं.

पुढचे तीन आठवडे तळघर परत उभं करण्यात गेले. वाद संपले असं नाही. सगळ्यात मोठा वाद हा, की त्याला कधी वर आणायचं का? आणला नाही तर खेळाडू फसवल्यासारखा चिडतो. आणला, तर शेवटी तो एक साधा शिपाई, दोन गोळ्यांत पडतो, आणि इतका वेळ आपण याला घाबरलो होतो, असं होतं. दोन्ही करून पाहिलं, दोन्ही वाईट निघालं. शेवटी ठरलं ते असं: टर्बाइन हॉलमध्ये एकदम नऊ जण येतात. त्यातला एक तो. कोणता, ते खेळाडूला कळायची सोय नाही.

माझं 'क' दर्जाचं तिकीट त्यानंतर बंद झालं. बंद करताना कारण निवडावं लागतं. यादीत 'दुरुस्त केलं' असतं, 'पुन्हा आढळलं नाही' असतं. लेव्हल डिझायनरने 'असंच अपेक्षित आहे' निवडलं आणि नवीन तिकीट माझ्या नावावर टाकलं, 'अ' दर्जाचं. विषय: 'सातवा शिपाई दहापैकी आठ वेळाच तळघरात जातो. दहाही वेळा गेला पाहिजे.'

ते अजून उघडं आहे. उद्या सकाळी परत डाव्या जिन्याने जायचंय.