लाल अंबाडीचा चहा आणि रक्तदाब : तिसऱ्या हंगामाची नोंद

चोपडा तालुक्यातल्या आमच्या शेताच्या बांधालगत मी 2022 पासून लाल अंबाडी लावतो आहे. खान्देशात अंबाडी म्हटले की कळण्याच्या भाकरीबरोबरची भाजी डोळ्यांसमोर येते. मी मात्र बोंडाभोवतीची मांसल लाल निदले वाळवून त्यांचा चहा करतो आणि त्याचा माझ्या रक्तदाबावर काही परिणाम होतो का, याची वही ठेवतो. खाली रक्तदाबाचे जे आकडे येतील ते सर्व वरच्या दाबाचे, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आहेत.

पहिल्या हंगामानंतर मी एक चुकीचा निष्कर्ष सांगितला होता, तो आधी दुरुस्त करणे मला आवश्यक वाटते. जानेवारी 2023 मध्ये माझी सरासरी 141 होती. रोज तीन पेले अंबाडीचा चहा घेतल्यावर एप्रिलअखेर ती 130 वर आली आणि हे श्रेय मी चहाला दिले. परंतु थंडीत रक्तवाहिन्या आकसतात व दाब वाढतो, उन्हाळ्यात तो उतरतो, ही वैद्यकशास्त्राला चांगली ठाऊक असलेली गोष्ट आहे, आणि आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत तापमान किती चढते हे येथील माणसाला सांगायला नको. दुसरे असे की, मी वही सुरू केली तीच तपासणीत दाब जास्त निघाला म्हणून. जास्त निघालेला आकडा पुढच्या मोजण्यांत आपोआपच सरासरीकडे सरकतो. तिसरे कारण त्याहून साधे होते. अंबाडीचे तीन पेले सुरू झाल्यावर साखरेच्या दुधाळ चहाचे दोन कप सुटले होते. त्या अकरा अंकांतले चहाचे किती, हे त्या वहीवरून कोणालाच सांगता येणार नाही.

दुसरा हंगाम थोडक्यात सांगतो. शिवारात चहूकडे कापूस आणि अंबाडी कापसाच्याच कुळातली, त्यामुळे कापसावरचा लाल ढेकूण बोंडांवर उतरला. शेजारच्या कापसावरची फवारणीही वाऱ्याने आमच्या ओळींवर आली, म्हणून ते सारे पीक मी टाकून दिले. भाजी धुऊन शिजवता येते. वाळवलेली निदले आपण थेट पाण्यात उतरवतो, तेथे औषधाचा अंश चालवून घेणे मला मान्य नव्हते.

या हंगामात 28 जून 2024 रोजी चाळीस झाडांपुरते बी टोकले. अंबाडी दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते; ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली फिकट पिवळी फुले दिसली आणि 10 नोव्हेंबरपासून तोडणी सुरू केली. कापसाकडच्या दोन ओळी, म्हणजे बारा झाडे, बियाण्यासाठीच राखली. उरलेल्या अठ्ठावीस झाडांची सात किलो ताजी निदले सावलीत, जाळीवर वाळवल्यावर 690 ग्रॅम भरली. तोडणीला उशीर केला तर ती चिवट होतात आणि रंगही उतरतो. बोंडातले बी कोवळे असतानाच ती काढावीत. बी काढायला मी पितळी नळीचा तुकडा वापरतो. देठाकडून दाबला की बोंड अखंड बाहेर येते.

पाण्याविषयी एक निरीक्षण नोंदवतो, कारण अनेकांना याच टप्प्यावर आपला माल खराब झाल्याचे वाटते. बोअरच्या जड पाण्यात चहा माणकासारखा लाल न होता मळकट जांभळा झाला, तर गाळण यंत्राच्या पाण्यात तीच निदले लखलखीत लाल उतरली. या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. आम्लात ती लाल असतात आणि क्षाराकडे झुकल्यावर जांभळी-निळी होतात. पेय बरेच आंबट असल्यामुळे मी ॲल्युमिनियमचे भांडे टाळतो आणि स्टीलचेच वापरतो.

आता पुराव्याकडे वळतो. या विषयातला मला सर्वांत नीट आखलेला वाटणारा प्रयोग अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातला, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. रक्तदाब किंचित वाढलेल्या, पण त्यासाठी औषध न घेणाऱ्या 65 प्रौढांपैकी काहींनी सहा आठवडे रोज 240 मिलिलिटरचे तीन पेले अंबाडीचा चहा घेतला, तर इतरांनी त्याच चवीचे कृत्रिम पेय घेतले. चहाच्या गटात वरचा दाब सरासरी 7.2 ने उतरला, कृत्रिम पेयाच्या गटात 1.3 ने. खालच्या दाबातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. मी दर पेल्याला 1.25 ग्रॅम निदले आणि सहा मिनिटे गरम पाण्यात उतरवणे, हे प्रमाण त्या प्रयोगावरूनच घेतले आहे.

इराणमध्ये 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग आपल्या मंडळींत फार सांगितला जातो. मधुमेह असलेल्या साठ जणांपैकी अंबाडीच्या गटाचा दाब महिन्याभरात 134.4 वरून 112.7 वर आला, आणि काळ्या चहाच्या गटाचा 118.6 वरून 127.3 वर चढला. पण सुरुवातीचेच आकडे पाहावेत. दोन गटांत पहिल्याच दिवशी जवळजवळ सोळा अंकांचे अंतर होते. उंचावरचा गट खाली आणि खालचा गट वर, अशी ही हालचाल पुष्कळ अंशी सरासरीकडे परतण्याची असू शकते, आणि माझ्या 2023 च्या वहीत हेच घडले असावे, हे मला या आकड्यांनीच शिकवले. सर्व प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानेही रक्तदाबाबाबतचा पुरावा अपुरा ठरवला आहे.

वनस्पतीने रक्तदाब उतरत नाही, असे माझे म्हणणे मुळीच नाही. सर्पगंधेच्या मुळीवरचा डॉ. रुस्तम जाल वकील यांचा मुंबईतला अभ्यास 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला, 1952 मध्ये त्या मुळीतून रिसर्पिन हे दाब उतरवणारे द्रव्य वेगळे काढले गेले, आणि मग मात्रा ठरवता आली; त्याचबरोबर त्याने मनाला येणारी उदासीनताही उघड झाली. गुण आणि दोष दोन्ही मोजले गेले, म्हणून त्या मुळीचे औषध झाले.

या वेळी मी पद्धत बदलली. 2 डिसेंबर 2024 ते 23 फेब्रुवारी 2025 असे बारा आठवडे सहा पंधरवड्यांत वाटले आणि दोन-दोन पंधरवड्यांची जोडी केली. जोडीतल्या कोणत्या पंधरवड्यात अंबाडी आणि कोणत्यात लिंबू पिळलेले कोमट पाणी, हे नाणेफेकीने ठरवले. साधा चहा दोन्हींत रोज दोनच कप ठेवला. सकाळी चहापूर्वी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे पाठ टेकून बसल्यावर, दंडाच्या पट्ट्याने दोनदा मोजून सरासरी लिहिली. आधीच्या पेयाचा परिणाम मिसळू नये म्हणून प्रत्येक पंधरवड्यातले पहिले तीन दिवस हिशेबात घेतले नाहीत.

पहिल्या जोडीत लिंबूपाण्यावर 137 आणि अंबाडीवर 134, दुसऱ्या जोडीत अंबाडीवर 133 आणि लिंबूपाण्यावर 134, तिसऱ्या जोडीत लिंबूपाण्यावर 134 आणि अंबाडीवर 131 अशा सरासरी आल्या. फरक सरासरीने सुमारे 2.3 आहे आणि तो तिन्ही वेळा अंबाडीच्या बाजूने आहे, पण एकाच दिवसातल्या माझ्या दोन मोजण्यांत आठ-दहा अंकांचे अंतर सहज पडते. शिवाय कोणत्या पेल्यात काय आहे हे मला दिसत होते. फरक असेल तर तो लहान आहे, एवढेच मी या वहीवरून म्हणतो. थंडी ओसरू लागल्यावर दोन्ही पेयांवरचे आकडे उतरलेले आहेत, हेही पाहावे.

अंबाडीचा चहा उतरवताना वापरायला घेतलेल्या तापमापकाने आणखी एक गोष्ट दाखवली. घरचा साधा चहा कपात ओतताना 78 अंश होता आणि बशीत ओतल्यावर मिनिटभरात 58 वर आला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंशांहून गरम पेये कर्करोगास बहुधा कारणीभूत या वर्गात ठेवली. इराणच्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला, त्यात 60 अंश वा त्याहून गरम चहा रोज 700 मिलिलिटरहून अधिक पिणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका, कमी आणि कोमट पिणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे 90 टक्क्यांनी अधिक आढळला. आमच्या आजोबांची बशीची सवय मी त्यामुळे पुन्हा सुरू केली आहे. जेवणानंतर लगेच घेतलेला साधा चहा वरण-भाकरीतले लोह नीट शोषू देत नाही, म्हणून घरातल्या पंडुरोग असलेल्या मंडळींसाठी आम्ही जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले आहे.

मी रक्तदाबाचे औषध घेत नाही आणि हा प्रयोग माझ्या डॉक्टरांना सांगून केला. जे औषध घेतात त्यांनी गोळी सोडून अंबाडी धरू नये. गोळीबरोबर घ्यायची असली तरी डॉक्टरांना विचारावे, कारण दोहोंचा परिणाम मिळून दाब फार उतरू शकतो. गरोदर स्त्रियांनी हा चहा टाळावा.

पुढच्या हंगामात पेल्यातले पेय मला कळू नये, यासाठी कोकमाच्या पाण्याने लाल रंग साधून पाहणार आहे. झाकणाच्या अपारदर्शक पेल्यांवर खुणा घरची मंडळी करतील आणि यादी शेवटी उघडतील. चवीचा फरक कसा लपवावा, हे मात्र अजून सुटलेले नाही. राखलेल्या बारा झाडांचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवले आहे. मृगाच्या पावसापूर्वी ज्यांना हवे असेल त्यांनी कळवावे, मुठभर पाठवीन.