डेटा सेंटरची फेरी: तीन सर्व्हर, एक डिस्क आणि जीएफएस२

तीन सर्व्हरना एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहिता यावं, म्हणून जीएफएस२ (सर्व्हरांच्या क्लस्टरसाठी, म्हणजे गटासाठी असलेली लिनक्सची फाइल सिस्टिम) बसवायला डेटा सेंटरला जाऊन आलो. प्रवास, गेटवरची नोंद, सगळं सुरळीत. आत थंडी असते आणि पंख्यांचा आवाज इतका, की फोनवर बोलून काही ठरवणं अवघड. स्वेटर न्या आणि कमांड आधीच लिहून न्या.

पहिलं काम डिस्क ओळखण्याचं. तीच डिस्क एका सर्व्हरवर एसडीबी आणि दुसऱ्यावर एसडीसी दिसू शकते. नावावर जाऊ नका, तिन्हीकडे डब्ल्यूडब्ल्यूआयडी, म्हणजे डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक, जुळवा.

मग एमकेएफएस डॉट जीएफएस२, म्हणजे डिस्कवर फाइल सिस्टिम बनवणारी कमांड. ही एकाच सर्व्हरवरून, एकदाच चालवायची. बाकीच्यांनी ती फक्त माउंट करायची, म्हणजे वापरासाठी जोडायची. या कमांडच्या डॅश पी पर्यायापुढे लॉक_डीएलएम, म्हणजे सर्व्हरांनी आपसात लॉक (एका वेळी एकानेच लिहायची परवानगी) वाटून घ्यायची पद्धत. लॉक_नोलॉक एकट्या सर्व्हरसाठी आहे. लॉक_नोलॉक देऊन दोघांनी डिस्क माउंट केली, तर डेटाची वाट लागलीच.

सगळ्यात जपायचं ते डॅश टी. इथे क्लस्टरचं नाव, कोलन, मग फाइल सिस्टिमचं नाव. क्लस्टरचं नाव कोरोसिंकच्या (सर्व्हरांना क्लस्टरमध्ये बांधणारा प्रोग्रॅम) कॉन्फिगमधल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं नाही, तर माउंट होतच नाही. मी ते हाताने टाइप करत नाही, फाइल उघडून कॉपी करतो. ट्यूनजीएफएस२ या कमांडने नंतर बदलता येतं, पण आधी सगळीकडून अनमाउंट करावं लागतं.

डॅश जे म्हणजे जर्नल (बदलांची आधी होणारी नोंदवही) किती. माउंट करणाऱ्या प्रत्येक सर्व्हरला स्वतःचं जर्नल लागतं. आकडा दिला नाही तर एकच बनतं आणि दुसरा सर्व्हर बाहेर राहतो. सर्व्हर तीन असले तरी मी पाच दिली. प्रत्येकाची साइज १२८ एमबी ठेवली, म्हणजे एकूण ६४० एमबी, एवढी जागा खुशाल द्यावी. जीएफएस२_जेअॅड कमांडने जर्नल पुढे वाढवता येतात, मात्र तेव्हा डिस्कवर जागा हवी. ब्लॉक साइज ४०९६ आहे तीच ठेवली. डिस्कचा आकार मात्र विचार करून ठरवा: जीएफएस२ वाढते, लहान होत नाही.

माउंट करताना नोएटाइम (फाइल शेवटची कधी वाचली ते न नोंदवणं) द्या, नाहीतर नुसत्या वाचनापायीही लॉक सर्व्हरांमध्ये फिरत राहतात.

निघण्यापूर्वी एका सर्व्हरची क्लस्टर नेटवर्कची केबल काढून पाहिली. बाकी दोघांवर लिहिणं थबकलं, फेन्सिंगने (बिघडलेल्या सर्व्हरला सक्तीने बाजूला काढणं) तो सर्व्हर रीबूट झाला, दुसऱ्याने त्याचं जर्नल रीप्ले केलं, म्हणजे अर्धवट बदल पूर्ण केले, आणि लिहिणं पुन्हा सुरू झालं. ही चाचणी खरा डेटा चढवण्याआधीच करा. फेन्सिंग झालं नाही, तर लिहिणं थबकलेलंच राहतं.