शेजारचा गार्ड

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५, रात्र

आम्ही १४-१२ जिंकलो. आम्ही म्हणजे पोरांचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, मी त्यांच्या लाइनचा कोच. घरात पाऊल टाकताच आईने तेच विचारलं आणि मीही तेवढंच सांगितलं. उरलेलं झोपण्याआधी लिहून काढतो. झोपून उठलं की अशा गोष्टींचे कोपरे घासले जातात.

दुसरा क्वार्टर, म्हणजे सामन्याचा दुसरा पाव भाग. आमचा उजवा गार्ड, म्हणजे पुढच्या लाइनमध्ये मधल्या पोराच्या उजवीकडे उभा राहून समोरच्यांना अडवणारा, वय वर्षं १२, ट्रॅपच्या डावात, आडवं धावून पलीकडच्याला अडवायच्या चालीत, आपली जागा सोडून डावीकडे धावला. हा डाव त्याचा जीव की प्राण. गार्डला धावायला मिळतं ते अशाच एखाद्या डावात. तो समोरच्या लाइनबॅकरवर, त्यांच्या लाइनमागच्या बचावपटूवर, गेला, दोघं ढिगाऱ्यात दिसेनासे झाले, शिट्टी वाजली, एकेक जण उठला, तोही उठला. टक्कर नेमकी माझ्या नजरेआड झाली. तो आपल्या पायांनी हडलमध्ये, डाव ठरवायला जमलेल्या घोळक्यात, परतला म्हणून मी पुढच्या डावाकडे वळलो.

तीन-चार डाव झाले आणि काहीतरी खुपायला लागलं. माझा मुलगा सेंटर खेळतो, लाइनच्या मधोमध, चेंडू मागे देणारा. हडल मोडला की सेंटर चेंडूपाशी जातो, समोरच्यांची मांडणी बघतो, मधल्या लाइनबॅकरकडे बोट करून त्याचा नंबर ओरडतो आणि वाकतो. तोवर नजर पुढेच. आज मात्र वाकण्याआधी तो दर वेळी मान उजवीकडे वळवत होता आणि गार्डला हळूच काहीतरी सांगत होता. आणि वाकताना गार्डने जमिनीवर हात टेकला तो डावा. उजव्या बाजूचा गार्ड उजवा हात टेकतो, हे मी त्या पोराकडून ऑगस्टपासून शेकडो वेळा करून घेतलंय. माझ्या मुलाने त्याच्या खांद्याच्या पॅडवर चापट मारली, तेव्हा त्याने हात बदलला.

मी हेड कोचचा दंड धरून टाइमआउट मागितला.

त्या पोराला बाजूला आणून विचारलं. स्कोअर किती? बरोबर सांगितला. कोणता क्वार्टर? बरोबर. आत्ताचा डाव कोणता होता? त्याने माझ्याकडे न बघता मैदानात, माझ्या मुलाकडे बघितलं.

त्याचं हेल्मेट काढून मी माझ्या हातात ठेवलं. हेल्मेट पोरापाशी राहू द्यायचं नाही. जवळ असलं की ते गर्दीतून कधी आत शिरेल सांगता येत नाही. त्याच्या आईला स्टँडमधून बोलावलं. ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. संध्याकाळी तिचा मेसेज आला: कन्कशन आहे, म्हणजे धक्क्याने मेंदूला इजा, डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, पण बोलतोय नीट. डॉक्टर लेखी परवानगी देतील तोवर खेळ बंद. पेनसिल्व्हेनियात शाळेच्या खेळांसाठी २०११ साली तसा कायदा झाला. आमचा संघ शाळेचा नसला तरी आम्ही तोच नियम पाळतो.

गाडीत माझा मुलगा बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होता. मग म्हणाला, ‘‘बाबा, तो खेळू शकला असता.’’

‘‘त्याला डाव आठवत नव्हता.’’

‘‘म्हणून तर मी सांगत होतो.’’

मी काही बोललो नाही. पुढच्या सिग्नलला तो पुन्हा म्हणाला, ‘‘तूच म्हणतोस ना, लाइनमध्ये शेजारच्याला एकटं सोडायचं नाही. मी सोडलं नाही.’’

हे वाक्य माझंच आहे. दर मंगळवारी आणि गुरुवारी मी ते सांगतो.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज दिवसभर १९९८ डोक्यात होतं.

मी अकरा वर्षांचा असताना आम्ही सांगलीहून पिट्सबर्गला आलो, १९९३ मध्ये. इथे सोमवारी वर्गात काळ्या-पिवळ्या कपड्यांची रांग दिसली की समजायचं, काल स्टीलर्स, इथला व्यावसायिक संघ, जिंकले. मला फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा एवढंच माहीत. पण सांगलीत गल्लीतली कबड्डी खेळलो होतो, आणि शाळेत पहिल्यांदा लाइनमध्ये उभं केलं तेव्हा कोचने विचारलं, इतकं खाली बसायला तुला कुणी शिकवलं? कबड्डीत कमरेतून ताठ राहिलात की चढाईवाला हातातून निसटतो. इथेही तेच. जो खाली तो जिंकतो. पहिलं पाऊल सहा इंचांचं, हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने, कोपरं अंगालगत, आणि मग पाय चालू ठेवायचे. शिट्टीपर्यंत. पकड करणाऱ्या कोपरारक्षकाला यातलं बरंच न शिकवता येईल.

लाइनमधले पाच जण चेंडू घेऊन धावत नाहीत, पास झेलत नाहीत. ५० ते ७९ नंबरची जर्सी अंगावर असली की साध्या मांडणीत पास झेलायची परवानगीच नसते. आमचं नाव लाउडस्पीकरवर यायचं ते पेनल्टी झाली तर. तरीही मला त्या जागेइतकी दुसरी कुठलीच जागा आवडली नाही. सेंटरचा एक हात स्नॅपमध्ये, म्हणजे पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकला देण्यात, अडकलेला असतो. ज्या क्षणी समोरचा अंगावर येतो त्या क्षणी त्याच्याकडे एकच हात मोकळा असतो, आणि ती उणीव भरून काढतो तो शेजारचा गार्ड. दोन लाइनींच्या मध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी पट्टी असते. तीसुद्धा १९०६ सालापर्यंत नव्हती. त्याआधी पोरं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून भिडायची. १९०५ च्या हंगामात कितीतरी मृत्यू झाले, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि पुढे फेकायचा पासही तेव्हाच आला. हा खेळ टिकलाय तो असा, वेळोवेळी बदलून. मला ही गोष्ट फार धीराची वाटते.

मी ५२ नंबर मागून घेतला होता. माइक वेबस्टरचा. १९७४ ते १९८८ तो स्टीलर्सचा सेंटर, चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेला. कडाक्याच्या थंडीत उघड्या दंडांनी खेळणारा. मी त्याला खेळताना पाहिलं ते फक्त जुन्या टेपांवर. १९९७ मध्ये तो कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, फुटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला तेव्हा मी दहावीत होतो. त्याचा स्नॅपनंतरचा पहिला पाय मी आरशासमोर उभा राहून गिरवलाय.

१९९८ च्या शरद ऋतूत, अकरावीत, एका शुक्रवारी रात्री माझं डोकं कुणाच्या तरी गुडघ्याला लागलं. एवढं आठवतं. मग पांढरा उजेड, आणि नाकाखाली अमोनियाचा उग्र वास. कुणीतरी बोटं दाखवून किती म्हणून विचारलं. मी दोन म्हणालो, ती दोनच होती, मला परत पाठवलं. त्या काळी बहुतेक ठिकाणी हीच तपासणी. त्यानंतरचं मला काहीही आठवत नाही. थेट घरी बाथरूममध्ये आई पाठीवरून हात फिरवत होती आणि मी ओकत होतो, तिथून आठवण पुन्हा सुरू होते. आईला मी सांगितलं, हॉटडॉग बाधला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा खेळलो.

मी पूर्ण दुसरा हाफ खेळलो, तेही सेंटर म्हणून, हे मला मित्रांच्या बोलण्यातून कळलं. सेंटरने लाइनला हाका द्यायच्या असतात. त्या रात्री त्या हाका माझ्या उजव्या गार्डने दिल्या. प्रत्येक डाव तो माझ्या कानात सांगत होता. आम्ही दोघं त्याबद्दल पुन्हा कधीही बोललो नाही. मला ते उपकार वाटले होते. खरं तर कितीतरी वर्षं वाटत होते.

२००२ च्या सप्टेंबरमध्ये वेबस्टर गेला. पन्नाशीत. शेवटची वर्षं त्याला स्मृती साथ देत नव्हती, राहायचा ठिकाणा नव्हता. याच शहरात, अलेगेनी काउंटीच्या कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूची कारणं तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात, डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि २००५ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. एकाच मोठ्या आघाताचा हा प्रश्न नाही, सेंटरला प्रत्येक डावाला बसणारे लहान लहान धक्केही साठत जातात, हे तेव्हापासून हळूहळू सगळ्यांना कळत गेलं. मी तो मजकूर वाचला तेव्हा माझी ५२ नंबरची जर्सी आईच्या कपाटात घडी घालून ठेवलेली होती. अजून आहे.

मग मुलाला का खेळू दिलंस, हे बायको विचारते, आणि तिला विचारायचा पूर्ण हक्क आहे. दहा वर्षांपर्यंत तो फ्लॅग फुटबॉलच खेळला, ज्यात पाडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढायची असते. पॅड घालून हे त्याचं दुसरं वर्ष. दर जुलैत आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसतो आणि नव्याने ठरवतो. मागच्या वर्षीचा होकार या वर्षी चालत नाही. मी कोच झालो तोही याच कारणाने. सरावात आम्ही टक्कर पायऱ्यापायऱ्यांनी वाढवतो. आधी समोर कुणी नाही, मग बॅग, मग जोडीदाराबरोबर धीम्या गतीने, मग उभ्या-उभ्या भिडणं पण पाडायचं नाही, आणि खऱ्या सामन्यासारखं भिडणं आठवड्यातून थोडीच मिनिटं. टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पाडणं, खांद्याने, डोकं बाहेरच्या बाजूला. इथे मी पोरांना कबड्डीची मांडी-पकड दाखवतो, आणि ती त्यांना हेल्मेट नसलेल्या माणसाकडून पटकन समजते, कारण हेल्मेट नसेल तर डोकं कुणी पुढे घालत नाही.

एवढं सगळं केलं, आणि तरी काल माझ्याच पोराने तेच केलं जे १९९८ मध्ये माझ्यासाठी केलं गेलं. त्याला ते मीच शिकवलं होतं. हा विचार दिवसभर पाठ सोडत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सराव. साडेसहालाच अंधारून आलेलं, गवत ओलं. आमचा गार्ड आला होता, पॅडशिवाय, डोळ्यांवर टोपी ओढून. दहा मिनिटं थांबून पोरांना भेटला आणि आईबरोबर परत गेला. तेवढं पुरे होतं.

लाइनच्या नऊ पोरांना गुडघ्यावर बसवलं आणि स्वतःची गोष्ट सांगितली. हॉटडॉगचं खोटंही सांगितलं. पहिल्या आघातातून मेंदू सावरण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊ शकते, क्वचित होतं पण झालं तर पोराच्या जिवावर बेतू शकतं, हे बारा वर्षांच्या मुलांपुढे मोठ्याने म्हणताना माझा आवाज बसला. कुणी हलत नव्हतं.

मग नवा नियम. शेजारच्याने चुकीचा हात टेकला, डाव पुन्हा विचारला, उठताना अडखळला, तर आपण आपल्या हेल्मेटवर दोनदा थाप मारायची. मोठे खेळाडू स्वतःला बाहेर यायचं असलं की अशी खूण करतात. आम्ही ती शेजारच्यासाठी करायची. मी लगेच टाइमआउट मागणार. सामन्याचा शेवटचा मिनिट असला तरी.

एकाने विचारलं, ‘‘आणि तो चिडला तर?’’

‘‘चिडेल. मीही चिडलो असतो.’’

माझा मुलगा कडेला बसून हातमोज्याची पट्टी उघडत-लावत होता. नंतर बदली गार्डबरोबर सराव करताना त्या पोराचा माउथगार्ड पडला आणि ते गडबडून उभं राहिलं, तर माझ्या मुलाने चेंडू खाली ठेवला आणि हेल्मेटवर दोनदा थाप मारली. दोघं हसले. मी शिट्टी वाजवली आणि खरोखर सराव थांबवला. माउथगार्ड धुवून आणेपर्यंत सगळे थांबले.

बुधवार, १५ ऑक्टोबर, रात्री उशिरा

परवा वसुबारस, आई चकलीची भाजणी करून बसलीय, घरभर धण्याचा वास. जेवण झाल्यावर मी माझ्या जुन्या गार्डला फोन लावला. तो आता क्लीव्हलंडला असतो. वाढदिवसाला आणि ख्रिसमसला आमचे मेसेज होतात, बोलणं फार वर्षांनी.

मी सरळ विचारलं, ‘‘त्या रात्रीचा दुसरा हाफ मला सांगशील? माझ्याकडे तो नाहीच.’’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो सांगायला लागला, आणि त्याला सगळं आठवत होतं. कोणत्या यार्डावर कोणता डाव, चिखल कुठे होता. सत्तावीस वर्षं माझा अर्धा सामना त्याने सांभाळून ठेवला होता.

‘‘तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकदा तू चेंडूच्या उलट्या बाजूला जाऊन उभा राहिलास, आपल्याच क्वार्टरबॅककडे तोंड करून. मी तुझी जर्सी धरून तुला फिरवलं. स्टँडमधल्या लोकांना वाटलं आपण मस्ती करतोय. ते हसले.’’

मी जिन्याकडे बघितलं. मुलगा वरून तिसऱ्या पायरीवर बसून ऐकत होता, झोपायची वेळ होऊन गेली होती.

‘‘सोमवारी मी कोचच्या खोलीपर्यंत गेलो होतो,’’ मित्र म्हणाला. ‘‘दार उघडंच होतं. मग वाटलं, शुक्रवारी पुन्हा सामना आहे, तू नसलास तर माझ्या डावीकडे कोण असेल? आणि मी परत फिरलो.’’

मी त्याला एक मिनिट थांबायला सांगितलं, फोन स्पीकरवर टाकला आणि मुलाला खाली बोलावलं.