शाळेसमोरची खोदाई

आज सकाळी लेकीला सोडायला निघाले आणि कोथरूडमधल्या आमच्या शाळेच्या गल्लीत पुरती अडकले. पाइप टाकायला अर्धा रस्ता खणलाय, फुटपाथवर मातीचे ढीग. उरलेल्या अर्ध्यात स्कूलबस, रिक्षा, चारचाक्या आणि पुढे दप्तर, मागे मूल घेतलेल्या दुचाक्या.

गाडीतल्यांना फक्त उशीर होतो. जीव घाबरतो तो चालत येणाऱ्या पोरांसाठी. एक आजोबा नातवाचं मनगट धरून खड्डा आणि बसचं चाक यांच्यामधून वाट काढत होते. त्यांना जाऊ द्यायला थांबले तर मागून हॉर्नवर हॉर्न. अहो, लहान मूल आहे ते!

फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचे ठरले. मुलांची झोप व्हावी म्हणून. मला तो मनापासून पटतो. पण नऊ म्हणजे ऑफिसचीही वेळ, आणि हे रस्ता खणताना कुणी लक्षातच घेत नाही.

पावसाळ्यात खोदाई करता येत नाही, मान्य. मग शाळेसमोरचा तुकडा मे महिन्याच्या सुट्टीत करा ना. तेही जमत नसेल तर शाळा भरताना आणि सुटताना जेसीबी, डंपर तासभर थांबवा, आणि बॅरिकेड लावून चालण्यापुरती पट्टी मोकळी ठेवा.

आम्ही काही पालक सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देतोय. सही करायची असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा.