मॅरियनची सलाईन

२०२४ च्या सप्टेंबरचा शेवटचा रविवार, २९ तारीख, माझी वीकेंडची शिफ्ट होती. मी नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटला, एका हॉस्पिटलच्या फार्मसीत फार्मसिस्ट आहे. सकाळी कामावर जाताना डोक्यात काम नव्हतंच, डोक्यात फक्त माझी मैत्रीण होती. पुण्यात आम्ही बी.फार्म. एकत्र केलं, नंतर दोघी नशिबाने एकाच स्टेटमध्ये आलो. ती, नवरा आणि लहान मुलगी ॲशव्हिलच्या शेजारी स्वानानोआला राहतात आणि शुक्रवार सकाळपासून दोघांपैकी कुणाचाच फोन लागत नव्हता, रिंगसुद्धा जात नव्हती. व्हॉट्सॲपवर माझ्या मेसेजेसना एकच टिक.

हरिकेन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर समुद्रकिनारा येतो. हेलीन किनाऱ्यावरच आलं, गुरुवारी २६ ला रात्री, फ्लोरिडात पेरी गावाजवळ, कॅटेगरी चारचं वादळ. पण ॲशव्हिल तिथून सहाशे किलोमीटरच्या आसपास आत, डोंगरात, साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. लोक रिटायर होऊन तिथे राहायला जातात, ते वादळं आणि उकाडा नको म्हणूनच. झालं काय की हेलीन यायच्या आधीच दोन दिवस तिथे धो धो पाऊस पडून माती पाण्याने फुगलेली होती आणि त्यावर हे वादळ येऊन डोंगरांना थडकलं. बुझिक नावाच्या ठिकाणी त्या दोन-तीन दिवसांत ३० इंचांहून जास्त पाऊस मोजला गेला. ॲशव्हिलमध्ये आजवर सगळे १९१६ च्या पुराचं उदाहरण द्यायचे, या वेळी फ्रेंच ब्रॉड आणि स्वानानोआ दोन्ही नद्यांनी तो रेकॉर्ड मोडला. ॲशव्हिलच्या बिल्टमोर भागाजवळ स्वानानोआ २६ फुटांवर गेली. ही एवढीशी नदी आहे हो, उन्हाळ्यात आम्ही तिच्यात पाय सोडून बसलोय.

मी सांगलीची. पूर म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पण आमचा पूर सांगून येतो. कोयनेतून विसर्ग वाढला की सांगलीत लोक आयर्विन पुलाच्या पातळीकडे डोळे लावून बसतात, किती फूट झालं, किती वाढलं, आणि पाणी चढत चढत येतं, तेवढ्यात सामान माळ्यावर टाकता येतं. २०१९ ला पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा मी इथे होते, आई-बाबा तिथे, आणि तरी दर तासाला आकडा कळत होता, त्या आकड्यावर जीव टिकून राहायचा. डोंगरातला पूर तसा नसतो. घळीतून पाणी, चिखल, झाडं, आख्खी घरं एकदम खाली येतात, आणि या वेळी तर फोनचे टॉवर, वीज, रस्ते, पाण्याच्या मेन पाइपलाइनी सगळं एकाच सकाळी गेलं. आय-४० या मोठ्या हायवेचा एक भाग पिजन नदीच्या घळीत कोसळला. त्यामुळे बातमी अशी नव्हतीच. नावं दिसायची, चिमनी रॉक, स्वानानोआ, बॅट केव्ह, आणि पुढे काही नाही.

शनिवारी दिवसभर मी हॅम रेडिओ ऐकत बसले होते. माउंट मिचेलवर, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला सगळ्यात उंच शिखर ते, तिथे हौशी रेडिओवाल्यांचा एक रिपीटर, म्हणजे आवाज पकडून लांबवर पोचवणारं यंत्र, आहे आणि तो वादळातही चालू राहिला. एरवी गप्पा मारणारे लोक त्यावर एकामागून एक निरोप देत होते. अमुक रस्त्यावर म्हातारं जोडपं आहे, ऑक्सिजन संपत आलाय. अमुक पूल गेला, दुसरीकडून जा. बोलणाऱ्यांचे आवाज इतके शांत की ऐकताना रडू येत होतं. मी स्वानानोआ हा शब्द आला की हातातलं काम सोडून ऐकायचे. तिच्या रस्त्याचं नाव काही आलं नाही. ते चांगलं की वाईट, कळायला मार्ग नाही.

तर रविवार. आमच्या आयव्ही रूममधला, म्हणजे शिरेतून द्यायची औषधं तयार करतात त्या खोलीतला, एक टेक्निशियन मॅक्डॉवेल काउंटीचा आहे, ॲशव्हिलच्या अलीकडे मॅरियन गावाकडचा. मी गाऊन घालत होते तेवढ्यात तो जवळ आला. रात्री कुठूनतरी त्याच्या वडिलांचा फोन आला होता, घरचे सगळे सुखरूप. मी म्हटलं, देवाची कृपा. तो म्हणाला, "हो, पण बाबा म्हणाले प्लांटमध्ये पाणी शिरलं. बंधारा फुटला. आत जायचे पूलही गेलेत."

त्याचे वडील नॉर्थ कोव्हला, बॅक्स्टर कंपनीच्या प्लांटमध्ये कामाला आहेत. आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना जी सलाईन लागते, नॉर्मल सलाईन, डेक्स्ट्रोज, डायलिसिसचं पाणी, त्यातलं जवळपास ६० टक्के त्या एका दरीतून यायचं. दिवसाला १५ लाख बॅगा. आणि आमच्या शेल्फवरच्या बहुतेक सगळ्या तिथल्याच. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मग आम्ही दोघंही मान वळवून एकदम शेल्फकडे बघितलं.

कंपनीने त्याच दिवशी प्लांट बंद झाल्याचं जाहीर केलं. पण तोवर मी मॅनेजरला घरी फोन करून उठवलं होतं आणि आम्ही मोजायला घेतलं होतं. गोदाम, इमर्जन्सी, ऑपरेशन थिएटर, प्रत्येक मजल्यावरची कपाटं. एक लिटरच्या बॅगांच्या खोक्यात १४ बॅगा बसतात. खोकी उचलून, फोडलेल्या खोक्यात हात घालून मोजायचं, कारण कॉम्प्युटरवरचा आकडा आणि खरा आकडा कधीच जुळत नाही. टेक्निशियन मोजत होता आणि मी लिहीत होते. प्लास्टिकच्या त्या बॅगा हातात घेतल्या की गार लागतात, आतलं पाणी डुचमळतं, रोज शेकडो हातातून जातात, कधी लक्षसुद्धा जात नाही. तो एक बॅग हातात धरून म्हणाला, "ही बहुतेक ऑगस्टमधली असेल, तेव्हा बाबा नाइट शिफ्टला होते." आणि पुढचं खोकं ओढलं.

मग खरं काम सुरू झालं, नको असलेल्या सलाईन बंद करायचं. लोकांना वाटतं हॉस्पिटलात सलाईन म्हणजे फार विचार करून लावतात. तसं नाही, अर्ध्या वेळा सवयीने लावलेली असते, शीर उघडी राहावी म्हणून, असू दे म्हणून. मी मजल्यामजल्यावर फोन करत होते, हा पेशंट तोंडाने पितोय ना, मग इलेक्ट्रोलाइटचं पाणी द्या, बॅग काढा. सेफ्ट्रियाक्सोनसारखी अँटिबायोटिक्स जी छोट्या बॅगेत घालून द्यायचो ती सिरिंजने हळूहळू दोन-चार मिनिटांत द्यायची. एक नर्स वैतागली, आधीच माणसं कमी, तेवढा वेळ कुठून आणू पेशंटपाशी उभी राहायला. तिचं बरोबरच होतं. पण मग मी तिला सांगितलं की या बॅगा मॅरियनला बनतात आणि मॅरियन आत्ता पाण्यात आहे. ती एकदम गप्प झाली, तिचा भाऊ लेक ल्यूरकडे राहतो. त्या दिवशी आमच्या हॉस्पिटलात ज्याला विचाराल त्याचं कुणी ना कुणी वर डोंगरात होतं.

मला सगळ्यात भीती होती घरी पोटातून डायलिसिस करणाऱ्या पेशंटची. त्यांना रोज पिशव्या लागतात, रोज, आणि त्या पिशव्याही तिथूनच येणार. ऑपरेशन पुढे ढकलता येतं, किडनीला थांब म्हणता येत नाही. पुढे काही आठवडे नवीन पेशंटना हे डायलिसिस सुरूच करता आलं नाही, जे आधीपासून करत होते त्यांना पुरावं म्हणून.

आणि याचा मला राग आहे, तो मी लपवत नाही. २०१७ ला मारिया वादळाने पोर्तो रिकोतले प्लांट बंद पडले तेव्हा छोट्या बॅगांचा असाच तुटवडा झाला होता. तेव्हा सगळ्यांनी बघितलं होतं की सगळा माल एका जागी बनवला की काय होतं. तरी एवढ्या मोठ्या देशाची निम्म्याहून जास्त सलाईन एका नदीकाठच्या दरीतून. स्वस्त वस्तू, नफा कमी, म्हणून बनवणारे मोजके, हे कारण मला माहीत आहे. पण कारण माहीत असून पेशंटची शीर भरत नाही.

दुपारी आईचा फोन आला, तिच्याकडे रात्र झाली होती. "अगं, तुमच्याकडे पूर आलाय म्हणे, तू कुठे आहेस?" मी म्हटलं मी कामावर आहे, शार्लटला एवढं नाही, कटॉबा नदीकाठची काही घरं रिकामी केलीत तेवढंच. मग मैत्रिणीचं सांगितलं. आईने तिला पुण्याच्या दिवसांपासून बघितलंय. आई थोडं थांबून म्हणाली, "ती हुशार पोरगी आहे, वरच्या घरात गेली असेल. तू जेवलीस का?" २०१९ ला मी हेच तिला विचारायचे.

साडेचारच्या सुमाराला फोन वाजला, अनोळखी नंबर. तिच्या शेजाऱ्याच्या आयफोनवरून सॅटेलाइटने पाठवलेला मेसेज होता, हे फीचर जेमतेम दोन आठवडे आधी आलं होतं. "आम्ही तिघं ठीक. खालचा मजला गेला. वर शेजाऱ्यांकडे आहोत. पाणी नाही. आईला कळव. लेव्होथायरॉक्सिन संपतंय." लेव्होथायरॉक्सिन म्हणजे तिच्या थायरॉइडच्या गोळ्या. मी आयव्ही रूमच्या बाहेर जमिनीवरच बसले. टेक्निशियन धावत आला, त्याला वाटलं वाईट बातमी. मी त्याला फोन दाखवला, मग लक्षात आलं की मराठी त्याला काय कळणार, पण त्याने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

तिच्या गोळ्या तीन दिवसांनी पोचल्या. इथून सामान घेऊन जाणाऱ्या एका चर्चच्या गाडीने नेल्या, शेवटचा टप्पा कुणीतरी चालत गेलं. डोंगरातल्या काही वस्त्यांना तर खेचरांवरून औषधं गेली. नॉर्थ कॅरोलायनात शंभरहून जास्त माणसं गेली त्या पुरात. ॲशव्हिलला नळाला पिण्याजोगं पाणी यायला १८ नोव्हेंबर उजाडला, तोवर ती बादल्यांनी पाणी आणून टॉयलेटमध्ये ओतत होती, आणि फोनवर मला विचारायची तुमच्याकडे कसं चाललंय.

आमच्याकडे ऑक्टोबरभर मोजूनमापून चाललं. नेहमीच्या ऑर्डरचा काही हिस्साच मिळायचा, मग बाहेरच्या देशांतून आयात करायला परवानगी मिळाली, कॅनडा, आयर्लंड, चीन, वेगळ्या लेबलच्या बॅगा आल्या, त्या नर्सेसना समजावून सांगायच्या. ठरवून करायची काही ऑपरेशनं पुढे गेली.

नकाशा बघायला घेतला तर एक गोष्ट दिसली. ज्या नॉर्थ फोर्क कटॉबाने प्लांट बुडवला तीच पुढे लेक जेम्समध्ये जाऊन कटॉबा म्हणून खाली येते आणि शार्लट तिचंच पाणी पितं. आम्ही वर्षानुवर्षं त्या दरीचंच पाणी नळातून आणि शिरेतून घेत होतो, आणि मी एकदाही नॉर्थ कोव्हला गेले नव्हते.

टेक्निशियनचे वडील पाणी ओसरल्यावर लगेच कामावर गेले, गाळ काढायला. ऑक्टोबरच्या शेवटी प्लांटमधली बॅगा बनवायची पहिली लाइन सुरू झाली. त्यांच्या स्वतःच्या घराच्या तळघरात तेव्हाही चिखल होता. एकदा टेक्निशियन शिफ्टच्या मध्ये फोनवर त्यांच्याशी बोलत होता, बोलता बोलता माझ्याकडे वळून म्हणाला, बाबा विचारतायत, तुम्हाला बॅगा पुरतायत का.

मी म्हटलं सांग, पुरतायत. आणि खरंच पुरत होत्या, त्या आठवड्यात एकाही पेशंटला आम्ही नाही म्हटलं नव्हतं.